फरशीवर वाळू

"वाका. अजून वाका. आता सांगा, सांधा दिसतो का?"

मिस्त्रींनी ठेकेदाराच्या मानेवर हात ठेवून त्याला टाकीवर असा वाकवला की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. टाकी पलंगाच्या उंचीवर बसवलेली, उथळ आणि ऐसपैस होती. पाणी इतकं नितळ की आहे की नाही कळू नये. आणि तळाशी फरशीच्या तुकड्यांचं एक मोठं फूल उमललेलं. आठ रंगांच्या आठ पाकळ्या, मध्ये काळा गोल, भोवती राखाडी पट्टी.

"नाही हो," ठेकेदार म्हणाला. "नख फिरवलं तरी अडकायचं नाही."

"नख कशाला, केस फिरवा. केस अडकला तर उद्यापासून मला मिस्त्री म्हणू नका."

"मिस्त्री, फिरवायला केस राहिलेत का माझ्याकडे?"

दोघंही खदखदून हसले. आयुष्यभर एकाने कामं धरली होती आणि दुसऱ्याने ती केली होती, त्यामुळे टकलावरची थट्टाही अर्धी-अर्धी वाटून घ्यायची सवय होती. ठेकेदाराची बायको मात्र अजून टाकीत काहीतरी शोधत होती.

"आणि मासा हो कुठाय? मासा आहे म्हणाला होतात ना?"

"तो काय, त्या कोपऱ्यात."

"अगंबाई! मला वाटलं पायपुसणं पडलंय."

कोपऱ्यात काचेला अंग चिकटवून एक पाकट बसलं होतं. शेपटीला काटा असलेला, बशीसारखा गोल, चपटा मासा. गोड्या पाण्यातलं, लहान जातीचं. रंग ओल्या मातीचा, त्यावर फिकट ठिपके. पाठीवर उचलून बसवल्यासारखे दोन डोळे होते आणि ते त्या तिघांकडे एकाच वेळी बघत होते.

"आणि वहिनी कशा आहेत?" ठेकेदाराच्या बायकोला एकदम आठवलं.

वहिनी तिथेच होत्या. टाकीच्या बाजूच्या पलंगावर, हाताच्या अंतरावर. तिघंही टाकीकडून पलंगाकडे वळले आणि जसे टाकीवर वाकले होते तसेच पलंगावर वाकले.

"वहिनी, ओळखलंत का मला?" ठेकेदाराच्या बायकोने मोठ्याने विचारलं. वहिनींचं अंग गेलं होतं, कान नव्हते गेले, पण आजारी माणसाशी सगळेच ओरडून बोलतात. वहिनींनी उजव्या हाताची बोटं हलवली. डावा हात चादरीखाली होता. चादर गळ्यापर्यंत ओढून, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचून, टेबलाच्या फळीसारखी सपाट केलेली होती.

"छान ठेवलंय हो तुम्हाला! एक चुणी नाही चादरीवर."

"चुणीचं नाव काढायचं नाही माझ्या घरात," मिस्त्री म्हणाले, आणि पायथ्याशी नसलेली एक चुणी तळहाताने आणखी सपाट केली.

पाहुणे गेले. दार लागलं.

"गेले?" पलंगावरून मिस्त्रींच्या बाईंनी विचारलं.

"गेले."

"सगळे?"

"दोघंच तर होते. काय पाहिजे?"

 मान जेवढी वळत होती तेवढी बाईंनी भिंतीकडे वळवली. दमली असेल, असं मिस्त्रींनी मनाशी म्हटलं आणि टाकीची काच पुसायला घेतली. ठेकेदाराचं नाक काचेला लागलं होतं, त्याचा डाग पडला होता.

मिस्त्रींचं सगळं आयुष्य जमिनीपासून हातभर उंचीवर गेलं. इतर लोक उभं राहून कामं करतात, बसून करतात. मिस्त्रींनी गुडघ्यांवर केली. शाळेच्या ओसऱ्या, दवाखान्याचे बोळ, सिनेमाघराच्या पायऱ्या, किती माणसांची स्वयंपाकघरं. सगळ्या गावाला त्यांनी पायाखाली फरशी घातली आणि गाव त्यांच्या कामावरून वर बघत चालत राहिलं. याचा त्यांना राग नव्हता, उलट तोच त्यांचा तोरा होता. "जमीन चुकली तर माणूस खाली बघतो," ते सांगत. "बरोबर असली तर त्याला आभाळ दिसतं."

गावातल्या प्रार्थनेच्या सभागृहाची हिरवी फरशीही त्यांचीच. "लोक देवापुढे मान खाली घालतात," ते म्हणायचे, "तेव्हा त्यांना आधी मी दिसतो, मग देव."

"हळू बोला," बाई म्हणायच्या. "ऐकतोय तो."

"ऐकू दे की. त्यालाही ठाऊक आहे ढाळ किती सुरेख निघालाय ते."

बाईंना त्या सभागृहाची फार ओढ. तिथे संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ प्रवचन करायला येत आणि बोलता बोलता गायला लागत. कुठे बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं तो सांधा दिसायचा नाही. मिस्त्रींना प्रवचनातलं तेवढंच कळायचं, पण तेवढं मनापासून कळायचं. बाईंना सगळं कळायचं. घरी येऊन भांडी घासताना त्या ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन काढत. त्यातला एक दाखला त्यांच्या फार आवडीचा. देवानं हाडं झाकायला मांस दिलं, मांस झाकायला कातडी दिली, कातडी झाकायला कापड विणायची अक्कल दिली. आणि तेही कापड फाटलं, तर झाकून घ्यायला शेजारी दिले. त्या "शेजारी"वर म्हातारेबुवा अशी काही लांबलचक तान घ्यायचे की बाई ती घेताना हातातलं पातेलं विसरायच्या आणि नळ वाहत राहायचा.

मग बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्या बाजूचे हातपाय गेले आणि शब्दही गेले. आवाज होता, शब्द नव्हते. डॉक्टर म्हणाले, येतील, पण त्यांचं त्यांनाच यावंसं वाटलं पाहिजे.

दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी मिस्त्री चाकांची खुर्ची ढकलत बाहेरच्या दालनात आले. फरशी त्यांचीच होती, त्यामुळे खुर्ची कशी लोण्यावरून चालल्यासारखी चालली होती, आणि तेवढ्या दुःखातही त्यांचं तिकडे लक्ष होतं. दालनात एक मोठी काचेची टाकी होती. तिच्या तळाला एक पाकट पसरलं होतं. बाईंनी उजव्या हाताने चाक धरलं. खुर्ची थांबली.

"अहो, बघा," बाई म्हणाल्या. "कसं पडून राहिलंय. आणि त्याला कुणी ऊठ म्हणत नाही."

मिस्त्रींनी वाक्य ऐकलंच नाही. वाक्य आलं, एवढंच ऐकलं. ते तिथेच, स्वतःच्या फरशीवर, मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. रडून झाल्यावर उठले ते ठरवूनच. असलं पाकट घरी आणायचं.

मासे आणि टाक्या विकणारा माणूस अबोल होता. दुकानात माशांचीच संगत, त्याचा परिणाम असेल. त्याने मिस्त्रींना टाकीची मापं सांगितली, पाणी कसं मुरवायचं ते सांगितलं आणि वर तीन गोष्टी सांगितल्या. हीटरला जाळी बसवा, नाहीतर पाकट ऊब घ्यायला टेकतं आणि अंग भाजून घेतं. मिस्त्रींनी जाळी बसवली. पाण्यात संगमरवर घालू नका, तो विरघळतो. मिस्त्रींना ते ठाऊकच होतं.

"आणि तळाला बारीक वाळू पसरा. त्याला त्यात शिरून बसायला लागतं."

"वाळू?" मिस्त्री हसले. "अहो, वाळू म्हणजे अर्धं काम. वाळू आम्ही खाली घालतो, वर दाखवत नाही. मी कुणाच्या घरात वाळू उघडी टाकून आलो असतो तर लोकांनी मला खांबाला बांधलं असतं."

"पण ते घर, ही टाकी."

"माझ्या खोलीतच ना? मग घरच."

टाकीवाल्याने बिल लिहायला घेतलं. मिस्त्रींशी वाद घालायला फारसं कुणी थांबत नसे.

मिस्त्रींच्या पलंगाखाली एक लाकडी खोकं होतं. काम संपलं की उरलेल्या फरशीतला एक तुकडा खिशात घालून आणायचा, हा त्यांचा जुना नाद. बाई म्हणायच्या, लोक बायकोला साड्या आणतात, तुम्ही दगड आणता. ते खोकं त्यांनी आता पहिल्यांदा उघडून मांडलं. सभागृहाची हिरवी. सिनेमाघराच्या पायऱ्यांची तांबडी. शाळेची पिवळी. ज्या प्रसूतिगृहात लेक जन्मली तिथली निळी. बाईंची खुर्ची आतबाहेर करता यावी म्हणून स्वतःच्या घराचा उंबरा त्यांनी नुकताच उखडून काढला होता, त्याची काळी. एकेक तुकडा कापून, कडा घासून, त्यांनी पाकळ्या केल्या. पाण्याला न सोसणारं काही त्यात येऊ दिलं नाही. गुडघे बोलत होते तरी टाकीत उतरून बसले. आणि काम झालं तेव्हा पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा असा मधोमध उभा राहिला की जणू त्याला तिथेच जन्म घ्यायचा होता.

त्यांच्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

पाकट आलं. बाईंनी तिचं नाव बशी ठेवलं, कारण ती तेवढीच होती. पुढे परातीएवढी होईल, असं टाकीवाला म्हणाला होता. बशी काचेपाशी आली की तिचं पोट दिसायचं, पांढरंशुभ्र, आणि त्यावर हसरं तोंड. देवाची करणी तरी कशी, डोळे वरच्या अंगाला दिले आणि तोंड खालच्या. बघायचं आभाळाकडे आणि खायचं जमिनीवर पडलेलं. आपण काय खातोय ते या जीवाला जन्मात दिसत नाही, तरी त्याचा विश्वास बघा. कोळंबी पडली की बशी तिच्यावर छत्रीसारखी पसरायची, अंग थोडं थरथरायचं आणि कोळंबी गेलेली असायची.

"बशी जेवली?" बाई विचारत.

"जेवली."

मग बाई तोंड उघडत आणि मिस्त्री सुपाचा चमचा पुढे करत. आधी बशी, मग बाई, असा क्रम पडून गेला. शब्द वाढत चालले. लेक आली की बाई तिच्याशी चक्क भांडायला लागल्या, तेव्हा लेकीने आनंदाने मिस्त्रींच्या गळ्यात हात टाकले.

आणि लोक यायला लागले. मिस्त्रींनीच बोलावले. समोरच्या काकू आल्या, काकूंची विहीण आली, जुने कामगार आले, शाळेचे निवृत्त शिक्षक आले. सगळे आधी टाकीवर वाकले, मग पलंगावर. कुणी यायचं म्हटलं की मिस्त्री टाकीची काच पुसत आणि बाईंची चादर ताणून गादीखाली खोचत. खोलीच कशी झाली होती! कुठूनही बघा, एक रेघ वाकडी नाही.

मग बशीने अन्न टाकलं.

ठेकेदार येऊन गेला त्याच्या आदल्या दिवशी तिने कोळंबी तशीच ठेवली होती. नंतरही तेच. अंगाच्या कडा लालसर दिसायला लागल्या आणि वाळल्या पानासारख्या किंचित वर वळल्या. दिवसभर ती कोपऱ्यात. संध्याकाळ झाली की मात्र तळावर बसून अंगाच्या कडा फडफडवायची. फड, फड, फड, कितीतरी वेळ. मग थकून थांबायची. मग पुन्हा.

"बशी जेवली?"

"जेवेल."

"जेवली का, विचारतेय."

मिस्त्रींना बाकी सगळं जमे, पण बायकोशी खोटं बोलणं जमत नसे. बाईंनी ओठ मिटले. सुपाचा चमचा ओठांपाशी जाऊन परत आला. संध्याकाळी पुन्हा परत आला. दोन दिवसांनी शब्दही कमी झाले. हा मासा दगावला तर नुसता मासा जाणार नव्हता.

टाकीवाला बोलावल्यावर आला. त्याने पाणी काढलं, त्यात थेंब टाकून रंग बघितला. हीटर बघितला.

"पाणी चांगलं आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ त्या फुलाकडे बघत राहिला. "काम सुरेख आहे मिस्त्री."

"आहेच."

"तिला टोचत नसेल. पण तिला इथे शिरायला जागाच नाही."

"म्हणजे वाळू."

"मी आधीच म्हणालो होतो."

"मीही आधीच म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाले. तेवढ्यावर टाकीवाला चप्पल घालून गेला.

लेक त्या दिवशी आईला पुसून काढायला आली होती. सगळं ऐकून ती मोरीतून बाहेर आली, हातात ओला टॉवेल घेऊनच.

"बाबा, तिला परत देऊन टाका. ती इथे मेली तर आईचं काय होईल, कळतंय ना?"

"मरत नाही ती. ती फरशी कुणी केलीय?"

"तुम्ही केलीय, म्हणून तर बोलतेय! लहानपणी मी मातीत घर केलं होतं, तर तुम्ही येऊन त्याला पाणसळ लावलीत. ढाळ काढून दिलात. घर राहिलं बाजूला आणि पोरं म्हणायला लागली, हिच्या बाबांनी गटार बांधलंय."

"पण पाणी साचलं का त्यात?"

"नाही साचलं! पण मी त्याच्याशी कधी खेळले का, ते विचारा!"

मिस्त्रींनी ते विचारलं नाही. लेक पाय आपटत गेली. जाताना मात्र टाकीपाशी थांबली, बशीकडे बघून "जेव गं बाई" म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

दुपार टळली. मिस्त्री पलंग आणि टाकी यांच्यामधे जमिनीवर बसले. त्यांना दुसरीकडे बसताच यायचं नाही. खोलीत दोनच आवाज होते. एक टाकीतला, फड, फड. दुसरा बराच वेळ त्यांच्या ध्यानात आला नव्हता. खर्, खर्, असा. कापडावर नख ओढल्याचा.

त्यांनी वर पाहिलं. बाईंचा उजवा हात चादरीची कड पकडू बघत होता. कड गादीखाली, गच्च. नखं घसरत होती. खर्. हात थकून थांबला. मग पुन्हा.

"काय पाहिजे? पाणी?"

"नको."

"मग काय करतेयस?"

"ओढतेय," बाई म्हणाल्या. "तीही तेच करतेय."

मिस्त्रींनी टाकीकडे पाहिलं. फड, फड. कडा फरशीवर आपटत होत्या आणि त्या गुळगुळीत फुलावरून काहीसुद्धा वर येत नव्हतं.

"पांघरूण हो," बाई म्हणाल्या. शब्द एकेक येत होते, पण ठाम येत होते. "ती वाळू ओढून अंगावर घेतेय. वाळूच नाही. उघडी पडलीय बिचारी. सगळे येतात आणि वाकून बघतात."

"लोक कौतुकानं..."

"मलाही बघतात. कौतुकानंच. तुम्ही मला अशी ताणून ठेवता, की तोंडावर घ्यायचं म्हटलं तर एका हाताला चादर सुटत नाही. कधीपासून सोडवतेय."

"अगं, मी आपलं नीटनेटकं दिसावं म्हणून..."

"नीटनेटकं मी मेल्यावर ठेवा. तेव्हा मी एक चुणी पाडणार नाही, शब्द देते. आत्ता मला सैल द्या."

मिस्त्रींचा हात सवयीने चादरीकडे गेला आणि मागे आला. 

"म्हातारेबुवा काय गायचे?" बाईंनी विचारलं. "फाटलं तर झाकायला शेजारी दिले. तुम्ही शेजाऱ्यांना बघायला बोलावलंत. तिकीट तेवढं लावायचं राहिलंय."

मिस्त्री उठले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी चप्पल घातली आणि बाहेर पडले. बाईंना वाटलं, रुसले. रुसलेच होते. पण त्यांचं रुसणंसुद्धा कामाला लागल्याशिवाय बसून राहत नसे.

अंधार पडायच्या आत ते परतले तेव्हा हातगाडीवर तीन पोती होती आणि मागे लेक, तिला वाटेत गाठून परत आणलेली. मिस्त्रींनी पहिल्या पोत्यातली मूठभर वाळू बाईंच्या उजव्या तळव्यावर ठेवली.

"ही कशी आहे?"

बाईंनी मूठ चोळली. "टोचते."

"ही बांधकामाची. आमच्या धंद्यात हीच चांगली, दाणा दाण्याला धरून राहतो."

"तुमच्या धंद्यात राहू दे. पुढची."

पुढची गालाला लावून बघितली. तीही नापास. मिस्त्रींच्या कामाची तपासणी करायला मोठमोठे इंजिनियर येऊन गेले होते, पण वाळू गालाला लावून बघणारा तपासनीस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. तिसरी नदीच्या वळणावरची होती, पाण्याने वर्षानुवर्षं लोळवून गोल केलेली. बाईंनी ती मुठीत घेतली आणि सोडली. पुन्हा घेतली. बोटांतून ती पिठासारखी निसटली.

"ही."

लेकीने ती बादली-बादलीने धुतली, खालचं पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. टाकीतलं पाणी बशीपुरतं ठेवून बाकीचं पिंपात काढलं. मग मिस्त्रींनी कोरं प्लॅस्टिकचं घमेलं टाकीत बुडवलं आणि काठाकाठाने बशीच्या पुढ्यात नेलं. शेपटीच्या बाजूला हात न्यायचा नाही, तिथे काटा असतो, हे त्यांना पाठ होतं. थापीने मागून हलकेच इशारा दिला. बशी एकदा थबकली आणि सरकत घमेल्यात येऊन बसली. घमेल्याच्या तळात ती अशी मावली की जणू ओतली होती.

"आयुष्यभर घमेलं उचललं," मिस्त्री म्हणाले, "पण मालानं माझ्याकडे कधी वळून बघितलं नव्हतं."

घमेलं बाईंच्या पलंगाजवळ स्टुलावर ठेवलं. मधे काच नसताना दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच बघितलं. बाईंनी लेकीच्या खांद्यावरचा ओला टॉवेल ओढला आणि घमेल्यावर अर्धा टाकला.

"अंधार असू दे तिला जरा."

उरलेलं पाणीही काढून मिस्त्री टाकीत उतरले. वाळूचं पहिलं घमेलं त्यांनी हिरव्या पाकळीवर ओतलं. मग तांबडी. मग पिवळी. निळीपाशी हात जरा थांबला. लेकीने ते पाहिलं.

"बाबा, थोडी उघडी ठेवू या का? एका कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात ठेवलेलं काम वाईट दिसतं," मिस्त्री म्हणाले आणि निळी झाकली. सगळ्यात शेवटी मधला काळा गोल राहिला, त्यांच्याच उंबऱ्याचा. त्यावर त्यांनी ओंजळीने वाळू घातली. आयुष्यभर वाळूवर फरशी घातली आणि आज फरशीवर वाळू. मग सवयीने त्यांनी पट्टी घेतली, वाळू एका हाताने ओढून सारखी केली, कडेला पाणसळ टेकवली आणि डोळा बारीक करून बुडबुडा बघायला लागले.

पलंगावरून आवाज आला. "अहो. ते खाली ठेवा."

"फक्त बघत होतो."

"बघू पण नका."

मिस्त्रींनी पाणसळ खाली ठेवली. मग इकडेतिकडे बघितलं आणि तळहाताने ती सपाट वाळू एकदा विस्कटून टाकली. असलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. विस्कटलेल्या वाळूकडे बघून त्यांना आपण काहीतरी पाप केल्यासारखं वाटलं, आणि थोडीशी मजाही वाटली.

पाणी भरलं. गढूळपणा खाली बसला. घमेलं कलतं करून बशीला सोडलं.

ती तळाला गेली. क्षणभर काहीच झालं नाही.  मग अंगाच्या कडा हलल्या. फड. वाळूचा एक ढग उठला. फड, फड. ढग वर आला, पसरला आणि सावकाश तिच्या पाठीवर उतरला. पाणी निवळलं तेव्हा बशी नव्हतीच. लाटा ओसरून गेलेल्या किनाऱ्यासारखी वाळू होती, आणि त्या वाळूत दोन डोळे.

 मिस्त्री ओल्या पायांनी पलंगापाशी आले. त्यांनी चादरीची एक बाजू गादीखालून ओढून काढली, मग दुसरी, मग पायथ्याची. चादर सैल पडली, तिला पंचवीस चुण्या पडल्या. बाईंनी उजव्या हाताने ती धरली आणि ओढली. गळ्यावरून, हनुवटीवरून, ओठांवरून, नाकापर्यंत. आता त्यांचेही डोळेच दिसत होते, आणि त्या डोळ्यांच्या कडा अशा आवळल्या गेल्या होत्या की आतमध्ये हसू असणार हे मिस्त्रींना झाकल्यावरही कळलं.

तेवढ्यात दार वाजलं.

मिस्त्रींनी दार अर्धंच उघडलं. समोरच्या काकू होत्या, त्यांच्या मागे त्यांच्या माहेरची माणसं, आणि सगळ्यांच्या माना लांब झालेल्या.

"मिस्त्री, ह्यांना ते फूल बघायचंय हो. आणि वहिनींनाही."

"आज बघण्यासारखं काही नाही."

"म्हणजे? फूल?"

"झाकलं."

"अरेरे! एवढं सुरेख काम! आणि मासा?"

"झाकला."

"बाई गं! आणि वहिनी?"

मिस्त्रींनी मागे वळून बघितलं. "त्याही," ते म्हणाले.

काकूंचा चेहरा पडला. तो बघून मिस्त्रींना वाईट वाटलं. काकू मनाने चांगल्या होत्या, आजारपणात त्यांनी कितीदा डबा पाठवला होता. मिस्त्रींनी दार आणखी थोडं उघडलं, पण स्वतः मधेच उभे राहिले.

"काकू, उद्या या. एकट्या या. बघायला नको, बसायला या. तुम्हाला ती प्रवचनातली शेजाऱ्याची तान येते ना?"

"येते की. म्हणजे, बेताची येते."

"बेताचीच घेऊन या."

दार लावून ते आत आले आणि आपल्या जागी, दोघींच्या मधे, जमिनीवर बसले. लेकीने एक कोळंबी पाण्यात सोडली होती. ती वाळूवर पांढरी दिसत होती. बराच वेळ पडून राहिली. मग तिच्या खालची वाळूच जरा उचलल्यासारखी झाली आणि कोळंबी नाहीशी झाली.

चादरीआडून आवाज आला. "जेवली?"

"जेवली."

"सूप गरम आहे का?"

लेक स्वयंपाकघराकडे पळाली. बशी जागा बदलायला उठली, तिच्या अंगावरची वाळू घसरली, आणि ती बसली होती तिथे पाण्याखाली हिरव्या पाकळीचा कोपरा लखकन दिसला.

"दिसली हं तुमची," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान वळवून बघितलं. सांधा अजून तसाच होता, केस अडकला नसता. मग बशीने पुढे जाऊन अंग फडफडवलं, वाळू उठली आणि हिरव्यावर सावकाश उतरली.